बारा नंबर काढणार आहेत

जपूनरावांनी तोवरच्या आयुष्यात फारसं काही काढलं नव्हतं. दिवस काढले होते, बायकोची समजूत काढली होती, आणि कुठे दोन माणसांचे आवाज चढले की तिथून पाय काढता घेतला होता. कुणाची खोडी काढली नाही, कुणाची उणीदुणी काढली नाहीत, शाळेत असताना चित्रसुद्धा काढलं नाही, कारण चित्र काढायचं म्हणजे आधी पेन्सिलीला टोक काढावं लागतं आणि टोक डोळ्यात जाऊ शकतं. असा माणूस पन्नाशी उलटल्यावर चालत्या बसमध्ये उभा राहून अनोळखी लोकांचे फोटो काढत सुटला, यावर आजही त्यांच्या सोसायटीत कुणाचा विश्वास बसत नाही. म्हणजे खरं तर बसतो, पण बसत नाही असं म्हटलं की गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगता येते.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण ते आता फक्त दारावरच्या पाटीपुरतं उरलं होतं. जिना उतरणाऱ्याला ‘जपून’, चढणाऱ्याला ‘जपून’ आणि नुसतं उभं असलेल्यालाही ‘जपून हं’ म्हणायची सवय असल्यामुळे लोकांनी त्यांना जपूनराव करून टाकलं. यात त्यांचा दोष नव्हता. ते विमा कंपनीच्या अपघात विभागात होते. दिवसभर वाचायचं काय, तर कोण कुठे घसरलं आणि कुणाच्या डोक्यात काय पडलं. बरणीचं झाकण उघडताना मनगट मोडून घेतलेले गृहस्थ त्यांच्या टेबलावरून गेले होते. ‘सुस्वागतम’ लिहिलेल्या स्वतःच्याच पायपुसण्यावरून घसरलेल्या बाई गेल्या होत्या. अशा कागदांत उभी हयात घालवल्यावर माणूस जपून राहणार नाही तर काय करणार.

प्रकरण सुरू झालं ते बारा नंबरच्या बसमध्ये. ही बस जपूनरावांच्या सोसायटीच्या फाटकासमोरून सुटायची आणि इस्पितळ, बाजार, त्यांचं ऑफिस असं करत शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जायची. त्या टोकाला मावशी राहायची. आईची ही धाकटी बहीण कंबरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळली होती, आणि आई रोज सकाळी जपूनरावांबरोबर बारा नंबरमध्ये चढून तिच्याकडे जायची. डाव्या बाजूची एक खिडकी तिची ठरलेली होती. तिथे जाऊन दोघी बहिणी करायच्या काय, तर भांडायच्या. लहानपणी एक निळी रिबीन हरवली होती, ती कुणी हरवली यावर दोघींचं अजून एकमत झालेलं नव्हतं. संध्याकाळी आई परत यायची ती ताजीतवानी होऊन, उद्या काय बोलायचं ते मनाशी जुळवत. बस बदलून जाणं तिच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं, आणि टॅक्सीत बसलं की तिला उलटी व्हायची. थोडक्यात, बारा नंबर होती म्हणून या दोघी एकमेकींना होत्या.

एका सकाळी जपूनराव ऑफिसच्या थांब्यावर उतरत होते, तेव्हा कंडक्टरबाई हसत हसत त्यांना म्हणाल्या, “ऐकलंत का? बारा नंबर काढणार आहेत.”

एवढं बोलून त्यांनी घंटी मारली आणि बस गेली. जपूनराव फुटपाथवर उभेच राहिले. आई खिडकीतून हात हलवत होती, आणि हात आत घे हे सांगायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही. ऑफिसात दिवसभर त्यांच्यापुढे एकच कागद उघडा राहिला. आई घरी बसलीय, मावशी तिकडे दाराकडे डोळे लावून पडलीय आणि रिबिनीचा निकाल कायमचा लांबलाय, हेच त्यांच्या डोळ्यांपुढे येत राहिलं. आणि कंडक्टरबाई वर हसत होत्या, याचं त्यांना जास्त वाईट वाटलं. जग इतकं कोरडं झालंय हे त्यांना माहीत नव्हतं.

बायको व्यवहारी होती. ती म्हणाली, उद्या त्या बाईंना नीट विचारा की. पण दुसऱ्या दिवसापासून कंडक्टरबाई रजेवर गेल्या, आणि बदलीवर आलेले गृहस्थ तिकिटाखेरीज तोंड उघडत नव्हते. शिवाय जपूनरावांच्या मते विचारण्यासारखं उरलं होतंच काय? बस काढणार म्हणजे काढणार. आईला मात्र काही कळू द्यायचं नाही, असं नवराबायकोंनी ठरवलं. आईला कळू द्यायचं नाही म्हणून ही चर्चा जिन्यात झाली, आणि जिन्यात झाल्यामुळे ती रात्रीच्या जेवणाआधी अख्ख्या सोसायटीला कळली.

तळमजल्यावरचे वकीलसाहेब आधी आले. ते म्हणाले, बारा नंबर गेली तर काळजी कसली, अकरा नंबर आहेच, म्हणजे आपले दोन पाय. एवढं बोलून ते स्वतःच हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, अर्ज करा, अर्जाशिवाय या जगात पान हलत नाही. सेक्रेटरी म्हणाले की आपण बाबा कधी बसच्या भानगडीत पडलो नाही, आपली गाडी आहे, पण सोसायटीसाठी हवा तेवढा वेळ देऊ. सेक्रेटरींची गाडी खाली राखाडी कव्हराखाली उभी असे. ती चालताना कुणी पाहिली नव्हती, पण कव्हर नेहमी झटकलेलं असे.

जपूनराव परिवहन कचेरीत गेले. पहिल्या खिडकीवरच्या माणसाने दुसरीवर पाठवलं, दुसरीवरच्याने पहिलीवर, आणि जपूनराव मधल्या भिंतीशी उभं राहून दोघांना आळीपाळीने ‘माफ करा’ म्हणत राहिले. शेवटी कपाळावर चष्मा चढवलेल्या एका कारकुनाला त्यांची दया आली. त्याने त्यांच्या लांबलचक बोलण्यातला ‘बंद’ एवढाच शब्द ऐकला आणि पाठ केलेलं उत्तर दिलं. गाडी बंद होऊ नये असं वाटत असेल तर ती भरलेली असते याचा पुरावा द्या. आतल्या प्रवाशांचे फोटो आणा. आणि अर्जावर चिकटवायला एक पासपोर्ट साइझ आणा, समोरून काढलेला, दोन्ही कान दिसणारा.

“माझा?” जपूनरावांनी विचारलं.

“अर्ज कशाबद्दल आहे?”

“बसबद्दल.”

“मग बसचा.”

जपूनरावांना हे पटलं नाही, पण खिडकीच्या आतल्या माणसाशी त्यांनी आयुष्यात कधी वाद घातला नव्हता. बसचे कान म्हणजे दोन बाजूंचे आरसे असणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

कॅमेरा मेहुण्याचा होता. आपली बहीण देताना त्या गृहस्थाने जेवढ्या सूचना दिल्या नव्हत्या तेवढ्या कॅमेरा देताना दिल्या. पट्टा गळ्यात घाला, काचेला बोट लावू नका, पाणी, धूळ, ऊन आणि लहान मुलं यांपासून लांब ठेवा. फक्त त्याचा फ्लॅश बंद होत नाही, तेवढं सांभाळून घ्या. जपूनरावांनी कॅमेरा टॉवेलमध्ये गुंडाळून घरी आणला आणि त्या रात्री तो पडेल म्हणून कपाटात ठेवला, कपाट पडेल म्हणून जमिनीवर ठेवला, आणि जमिनीवर कुणाचा पाय पडेल म्हणून शेवटी उशाशी घेतला.

बसचा पासपोर्ट साइझ फोटो काढायला ते सकाळी फाटकासमोर रस्त्यात उभे राहिले. एक आरसा आत आला की दुसरा बाहेर जाई. म्हणून ते एकेक पाऊल मागे सरकत गेले, आणि सरकत सरकत चौकात पोचले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. जपूनराव त्याला खुणेने सांगत होते की एकच मिनिट, हलू नका. मागे दोन्ही बाजूंच्या गाड्या तुंबल्या. शिट्टी वाजली आणि वाहतूक हवालदार आला. रस्त्यात काय चाललंय, असं त्याने विचारलं.

“दोन्ही कान यायला हवेत,” जपूनराव म्हणाले.

हवालदाराने नकळत टोपी सारखी करून कान मोकळे केले. मग त्याच्या लक्षात आलं. तो पुष्कळ बोलला, आणि जाता जाता म्हणाला, “वय झालं तुमचं. जरा जपून राहत जा.”

हा घाव खोल गेला. आजवर हा शब्द फक्त जपूनरावांच्या तोंडून बाहेर पडत आला होता. आज पहिल्यांदाच कुणीतरी तो त्यांच्या तोंडावर फेकला होता, आणि तोही भर चौकात, अख्ख्या बसच्या देखत. बसमध्ये चढताना त्यांचे कान लाल झाले होते. पुढे तो फोटो धुऊन आला तेव्हा त्यात आरसा एकच होता. दुसऱ्याच्या जागी गुलाबी काहीतरी होतं. तो त्यांचा अंगठा होता.

आता प्रवाशांचे फोटो. याबद्दल सोसायटीचं मत एक नव्हतं. वकीलसाहेबांनी बजावलं की विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढाल तर अब्रूनुकसानीचा दावा होईल. सेक्रेटरींनी बजावलं की विचाराल तर लोक केस नीट करून हसत बसतील आणि कचेरी म्हणेल, ही माणसं तुम्ही भाड्याने आणली. फोटो सहज आला पाहिजे. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई म्हणाल्या की तारखेचा पुरावा हवा, कुणाच्या तरी हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र द्या. जपूनरावांना तिन्ही सल्ले बरोबर वाटले, हाच त्यांच्या स्वभावातला मोठा घोटाळा होता. त्यांनी असा मार्ग काढला की फोटो न विचारता काढायचा, पण काढताना हळू आवाजात ‘माफ करा’ म्हणायचं. आणि वर्तमानपत्र आईच्या हातात द्यायचं.

आईला त्यांनी सांगितलं की सहज, आठवण म्हणून काढतोय. आई संशयाने म्हणाली, आत्ताच कसं सुचलं रे तुला, मी जाणारबिणार आहे की काय? पण ती मनातून खूश झाली. दुसऱ्या दिवशी केस चापूनचोपून बसवून, वर्तमानपत्र छातीशी धरून, ती आपल्या खिडकीत ताठ बसली. पळवून नेलेल्या माणसाचा खुशालीचा फोटो काढतात तशी ती दिसत होती, फक्त आनंदी.

बस भरलेली होती. उभं राहायला जागा नव्हती. जपूनरावांनी एक हात दांडीत अडकवला, पाय फाकवले, मनातल्या मनात सगळ्या अपघातांची उजळणी केली, ‘माफ करा’ असं पुटपुटले आणि बटण दाबलं. फ्लॅशचा असा लखलखाट झाला की ड्रायव्हरने ब्रेक मारला.

शहरात माणूस बसमध्ये बसतो तेव्हा आपण कुणालाच दिसत नाही अशी त्याची ठाम समजूत असते. तो तोंड उघडं टाकून झोपतो, स्वतःशी बोलतो, हिशेब करताना बोटं मोजतो. घरी सांगितलेलं असतं एक आणि चाललेला असतो दुसरीकडेच. त्या एका उजेडात हे सगळे एकदम उघडे पडले. मफलरवाल्या गृहस्थांनी पत्ते सोडल्याची शपथ घरी घेतली होती आणि ते पत्त्यांच्या क्लबात निघाले होते. मागच्या बाकावरची एक मुलगी मैत्रिणीच्या गाडीतून कॉलेजला जात असे, निदान तिच्या वडिलांच्या माहितीप्रमाणे. शेजारी बसलेला मुलगा मैत्रीण नव्हता एवढं नक्की. खुद्द शिकवणीच्या बाईंनी त्या सकाळी आपण आजारी असल्याचा निरोप मुलांकडे पाठवला होता. आणि दाराशी, दांडीला लोंबकळत, डोळे गच्च मिटलेले सेक्रेटरी उभे होते. ते रोज पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाऊन तिथून बारा नंबर पकडत, हे सोसायटीत तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

जपूनरावांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी छताकडे पाहिलं. दोघांनीही ओळख दाखवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून एक चमत्कार सुरू झाला. जपूनरावांनी टॉवेल सोडायला घेतला की अख्खी बस खाली वाकायची. कुणाच्या चपलेचा पट्टा सुटायचा, कुणाचं नाणं पडायचं, कुणाला एकाएकी डुलकी लागून डोकं समोरच्या पाठीआड जायचं. मफलर डोळ्यांपर्यंत चढायचा. मागच्या बाकावर छत्री उघडायची, आणि बाहेर पावसाचा टिपूस नसायचा. लखलखाट झाला की सगळे पुन्हा वर यायचे आणि जपूनरावांकडे असं बघायचे की त्यांच्या तोंडून चार वेळा ‘माफ करा’ निघून जायचं. खरं काय ते सांगावं असं त्यांना रोज वाटे. पण सांगायचं म्हणजे खिडकीत बसलेल्या आईच्या कानावर जाणार. शिवाय पन्नास-साठ रागावलेल्या माणसांपुढे उभं राहून भाषण करणं हे त्यांच्या हिशेबी बिनकठड्याच्या गच्चीवर चालण्यासारखं होतं. त्यांनी तोंड मिटून फोटो काढले. शेजारी वाट बदलू लागले. सेक्रेटरींनी पाण्याच्या टाकीची मीटिंग घेतली आणि जपूनरावांना बोलावलं नाही. वकीलसाहेब जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. आणि मग ते सेक्रेटरींच्या घरात शिरले.

फोटो धुऊन आले. जपूनरावांनी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले, आणि ते खाली बसले. सगळ्या फोटोंत बस रिकामी होती. ओळीने मोकळी बाकं, एका कोपऱ्यात अंगठा, आणि खिडकीशी हातात वर्तमानपत्र घेतलेली, कॅमेऱ्यात बघून हसणारी एकटी आई. पहिल्या दिवसाचा तो एकच फोटो भरलेल्या बसचा असायला हवा होता, पण एकाच हातात धरलेला कॅमेरा कलल्यामुळे त्यात बसचं छत आलं होतं. बायकोने एकेक फोटो हातात घेतला आणि म्हणाली, सासूबाई छान आल्यात. जपूनरावांना त्या रात्री झोप लागली नाही. बस वाचवायला निघालो आणि तिच्याविरुद्ध पुरावा आपणच तयार केला, हे त्यांना कळून चुकलं होतं. पण अर्ज आत गेला होता आणि भेटीची वेळ ठरली होती. ठरलेली वेळ मोडायची म्हणजे पुन्हा खिडकीशी बोलणं आलं, म्हणून ते गेले.

परिवहन कचेरीतल्या मुख्य बाई शांत होत्या. त्यांनी सगळे फोटो एकापाठोपाठ एक पाहिले.

“या कोण?”

“माझी आई.”

“आणि इथे?”

“तीही आईच.”

“आणि हे गुलाबी?”

“माझा अंगठा,” जपूनराव म्हणाले. “माफ करा.”

बाईंनी फोटो खाली ठेवले. त्या म्हणाल्या, अर्ज वाचून आम्हाला जरा नवल वाटलं. बारा नंबर बंद करायचं कुणी म्हटलंच नव्हतं. जपूनरावांनी कंडक्टरबाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्यावर बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“अहो, काढणार म्हणजे सुरू करणार,” त्या म्हणाल्या. “दुपारची दुसरी बारा नंबर काढणार होतो आम्ही. गर्दी फार असते असं कळलं होतं म्हणून.”

जपूनरावांच्या पायाखालची जमीन सरकली. नवी बस काढतात, जुनी बस काढतात, शब्द एकच. दोन वाटा दिसल्या की त्यातली खड्ड्याकडे जाणारी धरायची ही त्यांची जन्माची खोड. कंडक्टरबाई हसत का होत्या ते आता त्यांच्या डोक्यात शिरलं. बाई मात्र फोटोंवर बोट ठेवून पुढे बोलत होत्या. गर्दी असते हे नुसतं ऐकलेलं होतं, आणि फोटो तर समोर होते. एका प्रवाशासाठी दुसरी गाडी काढणं तर सोडाच, आहे तीही चालू ठेवायची की नाही याचा आता विचार करावा लागेल. तुम्ही एवढी मेहनत घेऊन वस्तुस्थिती दाखवून दिलीत, असं म्हणून त्यांनी जपूनरावांचे आभार मानले.

गाडी खच्चून भरलेली असते, लोक खाली वाकतात म्हणून दिसत नाहीत, असं जपूनराव सांगू लागले. पण ते वाक्य मोठ्याने ऐकल्यावर त्यांचा त्यांनाच त्यावर विश्वास बसेना.

तेवढ्यात शिपाई आत आला. बाहेर पुष्कळ माणसं जमलीत, तो म्हणाला. कुणी एक चक्रम बसमध्ये बायाबापड्यांचे फोटो काढत फिरतो, त्याची तक्रार करायची आहे. त्यांच्याबरोबर वकीलही आहेत. बाई कंटाळून म्हणाल्या, जेवणाच्या सुट्टीनंतर बघू, जाऊ दे त्यांना. शिपाई वळला. खोलीला मागे दुसरं दार होतं, ते उघडं होतं, आणि तिथून जिना सरळ रस्त्यावर उतरत होता. पाय काढता घ्यायला इतकी सोयीची जागा जपूनरावांना जन्मात मिळाली नव्हती. तिथून गेले असते तर सोसायटीत मान खाली घालून का होईना, पण राहता आलं असतं. चार महिन्यांत लोक विसरले असते. आणि आईने खिडकीत बसून मावशीची वाट पाहिली असती, नाही, मावशीने आईची. कुठल्याही कागदावर न वाचलेला अपघात आता आपल्याला होणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

ते उठले, शिपायाच्या आधी पुढच्या दाराशी गेले आणि त्यांनी ते सताड उघडलं.

“या,” ते म्हणाले. “सगळे आत या. तो माणूस मी.”

आणि बारा नंबर आत आली. मफलरवाले आले, शिकवणीच्या बाई आल्या, छत्रीवाली जोडी आली, बाजारात उतरणाऱ्या बायका आल्या, इस्पितळात जाणारे आले. सगळ्यात पुढे वकीलसाहेब होते, आणि सगळ्यात मागे कुणाच्या तरी आड उभं राहिलेले सेक्रेटरी. खोलीत इतकी गर्दी झाली की शिपायाला टेबलावर चढावं लागलं. ‘जपून,’ असं जपूनराव त्याला सवयीने म्हणाले. मग सगळे एकदम बोलायला लागले. हा माणूस रोज सकाळी असतो. आम्ही रोज जातो म्हणून तर आम्हाला माहीत. आधीच पाय ठेवायला जागा नसते आणि त्यात हा उजेड पाडतो. माझ्या पायावर तीनदा पाय दिला. मान खाली घालून घालून माझी मान आखडली.

“एक मिनिट,” मुख्य बाई म्हणाल्या. “तुम्ही सगळे रोज याच बसमध्ये असता?”

“रोज,” सगळे म्हणाले.

“आणि आज इथे कशाने आलात?”

“बारा नंबरनेच. दुसरं आहे काय?”

बाईंनी फोटो उचलले. मघाशी रिकाम्या दिसलेल्या बाकांमागे आता त्यांना एक कोपर दिसलं, एक टक्कल दिसलं, छत्रीचं टोक दिसलं. त्यांनी जपूनरावांना विचारलं, या लोकांचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे का?

“सगळं मान्य,” जपूनराव म्हणाले. “मी रोज फोटो काढले. न विचारता काढले. एकेकाचे काढले. म्हणतात त्याहून जास्त माणसं होती.”

आपली अब्रू आपल्या हाताने अशी आनंदाने काढणारा आरोपी वकीलसाहेबांनी सगळ्या कारकिर्दीत पाहिला नव्हता. तेव्हा मागून सेक्रेटरींचा बारीक आवाज आला. ते म्हणाले, मीही असतो बसमध्ये. रोज असतो. गाडीचं इंजिन केव्हाच बसलंय. मग मफलरवाल्यांनी जपूनरावांकडे बघून विचारलं, पण हे सगळं केलंत तरी कशासाठी? जपूनरावांनी आईचं, मावशीचं आणि रिबिनीचं सांगितलं. मफलरवाल्यांनी मफलर खाली केला. बाजारात उतरणाऱ्या बायका म्हणाल्या की आधी सांगितलं असतं तर आम्ही रांगेत बसून हसलो नसतो का?

पण तक्रार ती तक्रार. ती मागे घेतली तर गर्दीचा पुरावाच गेला असता, हे वकीलसाहेबांनी सगळ्यांना पटवून दिलं. म्हणून निकाल असा लागला. जुनी बारा नंबर चालू राहणार. दुपारची दुसरी बारा नंबर काढणार, म्हणजे सुरू करणार, हे बाईंनी दोनदा सांगितलं. बसमध्ये ‘फोटो काढू नयेत’ अशी पाटी लागणार. आणि अर्जदाराने प्रवाशांना जो त्रास दिला त्याबद्दल त्याने वर्षभर बारा नंबरच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. जपूनरावांनी ताबडतोब होकार दिला. बाहेर पडून जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं की ऑफिसला जायची बस तीच आहे.

आईला अखेर सगळं कळलं, पण तिने फारसं मनावर घेतलं नाही. तिला एकाच गोष्टीचा आनंद होता. रजेवरून आलेल्या कंडक्टरबाईंनी तिचा वर्तमानपत्रवाला फोटो ड्रायव्हरच्या पाठीमागे चिकटवला होता, आणि कचेरीची नवी पाटी नेमकी त्याच्या खाली आली होती. माझा फोटो काढू नये असा वरून हुकूम आलाय, असं ती चढणाऱ्या प्रत्येकाला सांगते. मावशीचा यावर विश्वास नाही. त्यामुळे रिबीन तूर्त मागे पडली आहे.

जपूनराव सकाळी आईला बसमध्ये चढवून देतात आणि ती सुटायच्या आधीच स्वतः अकरा नंबरने निघतात. मेहुण्याचा कॅमेरा टॉवेलसकट परत गेला आहे. फुटपाथवरून चालताना ते उघडी गटारं, सुटलेल्या फरश्या आणि वरच्या कुंड्या बघत बघत जातात, त्यामुळे बस त्यांना बाजाराच्या अलीकडे गाठतेच. मग कंडक्टरबाई दोनदा घंटी मारतात. ड्रायव्हर जरा हळू घेतो. आता खाली कुणी वाकत नाही. मफलरवाले, छत्रीवाली जोडी, खिडकीला नाक लावलेले सेक्रेटरी, सगळे सरळ बसलेले असतात, सगळ्यांचे चेहरे स्पष्ट दिसतात आणि अंगठा कुठेही नसतो. हाच तो फोटो, असं जपूनरावांना दर वेळी वाटतं, आणि त्यांचे रिकामे हात नकळत छातीपर्यंत वर येतात.

आई खिडकीतून हात बाहेर काढते. हात आत घे, असं ते ओरडतात. ते तिला ऐकू जात नाही.

“जपून रे,” ती ओरडते.

जपूनराव मान हलवतात, फुटपाथच्या आतल्या बाजूला सरकतात आणि चालू लागतात.